परत आलेली बॅट तीच कशावरून?

मालेगाव कॅम्पातल्या एका वाचकांचा निरोप आला आणि बॅटचा विषय निघाल्यावर मला आवरत नाही, हे नेहमीच्या मंडळींना ठाऊक आहे.

त्यांनी वापरलेली इंग्लिश विलोची बॅट ऑनलाइन विकली. गिऱ्हाईक रत्नागिरीकडचं. आठ दिवसांनी त्याचा मेसेज: बॅट तडकलेली आहे, पैसे परत करा. बॅट घरी आली तर खाली टोला, म्हणजे पात्याच्या तळटोकाला, चीर आणि पात्यावर लाल चेंडूचे ताजे डाग. हे म्हणतात, मी धड बॅट पाठवली होती. तो म्हणतो, पार्सल उघडलं तेव्हाच चीर होती. पैसे द्यावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे. मी आधी वेगळंच विचारलं. परत आलेली बॅट तुमचीच कशावरून?

ही शंका उगाच नाही. नामांकित कंपन्यांचे स्टिकर बाजारात सुटे मिळतात. काश्मिरी विलोवर इंग्लिश विलोचा स्टिकर डकवायला दहा मिनिटं पुरतात. म्हणून बॅट विकताना स्टिकरचा फोटो झकास आणि लाकडाचा एकही नाही, असं करणाऱ्यांचा मला राग येतो. पात्यावरच्या उभ्या रेषा बोटाच्या ठशासारख्या असतात. एक रेष म्हणजे झाडाचं साधारण एक वर्ष. कुठे गाठ, कुठे तांबूस पट्टा, कुठे दोन रेषा एकमेकींना खेटलेल्या. पात्याचा, टोचा, दोन्ही कडांचा आणि हँडल पात्यात बसतं त्या जोडाचा असे फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवले, की बदली बॅट ताबडतोब ओळखू येते. वजनावर मात्र भिस्त ठेवू नका. ग्रिप बदलली की काटा हलतो, आणि मालेगावच्या मे महिन्यात वाळलेलं लाकूड कोकणच्या पावसाळी हवेत ओल धरतं. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळा काढलेली बॅट तर विकण्याआधी दोनदा तपासावी. वाळलेला विलो टोशी आणि कडेला आधी तडकतो.

आता कायदा. १९३०चा वस्तू विक्री कायदा अजून लागू आहे आणि माझ्या मते या धंद्यात तो फार कामाचा आहे. कलम १५ म्हणतं, वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. हे घरची एकच बॅट विकणाऱ्यालाही लागू. ‘कुठेही तडा नाही’ असं लिहिलंत, की बांधले गेलात. उलट कलम ४१ आणि ४२ गिऱ्हाइकाला बांधतात. माल तपासायची वाजवी संधी मिळाल्यावर तो मालकासारखा वापरला, किंवा काही न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. लाल डागांची बॅट पाठवणाऱ्याला हे जड जाईल.

२०२०चे ई-कॉमर्स नियम अधूनमधून स्वतःची वस्तू विकणाऱ्याला लागू होत नाहीत. पण हंगाम संपला की पाच-सात बॅटी उचलून नियमित विकणारी जी पोरं आहेत, त्यांना ते लागू होतात. माल सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला, तर परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ तिथे कामाची नाही. गिऱ्हाईक १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावू शकतं.

पार्सलच्या वाहतुकीत झालेली मोडतोड हा तिसराच वाद. बॅटच्या टोला फोमची टोपी घाला आणि बंद करताना एक सलग व्हिडिओ काढा. गिऱ्हाइकालाही खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढायला आधीच सांगा. आपल्या वाचकांनी यातलं काहीच केलं नव्हतं.

तरी एक पुरावा हातात आहे. मी फोनवर खोदून विचारलं तेव्हा ते बोलले की पात्यावर पारदर्शक शीट चिकटवलेली होती. जाहिरातीत ती सांगितलेली नव्हती! शीट बॅटचं संरक्षण करते हे खरं, पण खालची जुनी चीर झाकायलाही ती सर्रास वापरतात. म्हणून, भाऊ, टोकडून ती हळू सोलून काढा आणि भिंगातून चिरेच्या आत पाहा. ताज्या चिरेतलं लाकूड फिकट, स्वच्छ दिसतं. जुन्या चिरेत तेल आणि मळ मुरलेला असतो, कधी वाळलेला गोंदही सापडतो. लाकूड स्वच्छ निघालं तर पैसे देऊ नका. फोटो काढून त्याला पाठवा आणि बॅट त्याच्या खर्चाने परत धाडा. मळ निघाला तर कुरिअरच्या खर्चासकट आजच पैसे परत करा.