पहिली पत

नोकरी लागली, पगार वेळेवर जमा होतो. तरी बाइकसाठी कर्ज मागायला गेलं की बँकेत ऐकावं लागतं, ‘तुमचा सिबिल स्कोअरच नाही!’ ज्याने कधी उधारी केली नाही, त्याची परतफेडीची सवय कळणार कशी? हा स्कोअर ३०० ते ९०० असतो. बचत खात्यातली शिल्लक त्यात धरत नाहीत. सोपी सुरुवात म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड. त्यावर पेट्रोल, मोबाइल रिचार्ज एवढाच खर्च करा आणि बिल मुदतीआधी पूर्ण चुकतं करा. नुसती ‘किमान रक्कम’ भरली, तर उरलेल्यावर व्याज चढतं. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा अहवाल मोफत देतात. तो डोळ्यांखालून घाला. पत हळूहळूच जमते.