रात्री दारं धरताना डोक्याची बॅटरी: घ्यायची कशी, वापरायची कशी



आपल्या भागातली रब्बी ज्वारी आता पोटरीत येतेय. ५० ते ५५ दिवसांचं हे पाणी चुकवून चालत नाही. ज्यांच्या फीडरला या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, त्यांना दारं धरायला रात्रीच जावं लागणार. म्हणून आज पिकाआधी माणसाबद्दल लिहितोय. मेसेज थोडा मोठा आहे, पण रानात जायच्या आधी पूर्ण वाचा. घरात जो कुणी पाण्याला जातो त्यालाही वाचून दाखवा.

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात दिसला, तो हिवाळा आठवतोय ना? यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला तो वाघ पुढं आपल्या बार्शी तालुक्यातही फिरला. तेव्हा बऱ्याच जणांनी डोक्याला लावायच्या चार्जिंगच्या बॅटऱ्या घेतल्या. लांबवर झोत पडणारी पाहिजे, असं सगळे म्हणायचे. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की आपला खरा धोका लांब नसतो, तो पुढच्या पावलाखाली असतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असावीत, असा अंदाज २०२० साली एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. यातली बहुतेक खेड्यातली. थंडीत साप कमी दिसतात हे खरं, पण घोणस थंडीतही फिरते. ज्वारीत उंदीर असतात, उंदरामागं साप येतो.

घरचंच सांगतो. मागच्या वर्षी माझे चुलते रात्री एकच्या सुमारास हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. मोबाईलची लाईट चालू करून मोबाईल शर्टच्या खिशात ठेवलेला. पाणी वळवायला खोरं घेऊन वाकले, तसा उजेड पायाकडं न पडता भलतीकडंच गेला. घोणस पाटाच्या कडेला होती. ती फुसफुसते मोठ्यानं, पण पाण्याच्या आवाजात त्यांना कळलंच नाही. पायाला चावली. तासाभरात दवाखान्यात पोचलो म्हणून वाचले, पण आठ दिवस तिथंच काढावे लागले. पाय अजूनही सुजतो. आणि त्या रात्री डोक्याची बॅटरी घरी खुंटीला अडकवलेली होती. चार्जिंग संपलेलं. चार्जर घेऊन दिला होता, पण रोज लावतो का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

*वापरायची कशी*

१. झोत खाली वाकवा. चालताना उजेड दोन-तीन पावलं पुढं जमिनीवर पडला पाहिजे. लांबचं बघायचं असेल तर आधी थांबा, मग मान वर करा.

२. डोक्यावरच्या उजेडाची एक खोड आहे. उजेड आणि डोळे जवळजवळ एकाच रेषेत असल्यानं वस्तूची सावली वस्तूमागंच लपते. मग ढेकूळ, काडी आणि वेटोळं घालून बसलेली घोणस सगळं सपाटच दिसतं. म्हणून पाटाच्या कडेनं, पाचोळ्यातून किंवा बांधावरून जाताना दुसरी छोटी बॅटरी हातात, गुडघ्याच्या उंचीला धरा. कडेनं पडलेल्या उजेडात सावली दिसते आणि सावलीवरून वस्तू ओळखू येते.

३. चमकणाऱ्या डोळ्यांवर विसंबू नका. कोल्ह्याचे, कुत्र्याचे, मांजराचे डोळे चमकतात, कोळ्याचेसुद्धा चमकतात. सापाचे चमकतीलच असं नाही. काही चमकलं नाही म्हणून रान मोकळं आहे असं समजू नका.

४. तांबडा उजेड असेल तर तो एका जागी बसल्यावर वापरा. त्यावर किडे कमी येतात. चालताना पांढराच लावा. तांबड्या उजेडात मातीच्या रंगाचा साप ओळखू येत नाही.

५. व्हॉल्व्ह, पाईप, कडब्याची गंजी, दगड यांत हात घालायच्या आधी तिथं उजेड पाडा आणि काठीनं हलवून बघा. हात मोकळे राहतात हा या बॅटरीचा सगळ्यात मोठा फायदा आहे. मग एका हातात काठी असू द्या. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला. बॅटरी बुटाची जागा घेत नाही.

६. पाण्याच्या पाळीत झोप लागते, ते साहजिक आहे. पण खाली जमिनीवर झोपू नका. बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. मण्यार बऱ्याचदा झोपलेल्या माणसालाच चावते. उठल्यावर आधी लाईट, मग पाय. बूट झटकून घाला.

७. समोर माणूस आला की मान खाली घाला, त्याचे डोळे दिपतात. रस्त्यावर गाडी चालवताना ही बॅटरी लावू नका.

*स्टार्टर आणि डीपी*

उजेड डोक्यावर आला की दोन्ही हातांनी काम करायचा मोह होतो. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावू नका. फ्यूज गेला तर रात्री डीपीवर कुणीही चढायचं नाही, कितीही लख्ख उजेड असला तरी. पाणी सकाळी देता येईल.

*घ्यायची कशी*

पाकिटावरचे मोठमोठे आकडे बघून घेऊ नका. चार गोष्टी बघा: झोत खाली वाकतो का, कमी उजेडाचं बटण आहे का, चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण घट्ट बसतं का, आणि पट्टा टोपी किंवा टॉवेलवर घट्ट राहतो का. घरी आणली की पूर्ण चार्ज करा, रोज लागेल तेवढ्या उजेडावर चालू ठेवा आणि किती तासांनी विझते ते घड्याळ लावून बघा. तुमची पाळी आठ तासांची आणि बॅटरी चार तासांची असेल तर दुसरी सोबत पाहिजेच.

*चार्जिंग*

संध्याकाळी जनावरांना वैरण टाकायच्या वेळी बॅटरी चार्जिंगला लावा आणि रानात जाताना काढा. रोज एकच वेळ ठेवली की विसरत नाही. अंथरुणावर, उशीखाली किंवा कडब्याजवळ चार्ज करू नका. भिजली असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. आतला सेल लिथियमचा असतो. तो फुगला, फार तापला किंवा वास आला तर वापर बंद करा. फोडू नका, चुलीत टाकू नका. हंगाम संपल्यावर पूर्ण रिकामी ठेवू नका. अर्धी चार्ज करून सावलीत ठेवा, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

*तरीही साप चावला तर*

माणसाला बसवा, धीर द्या, चालू-पळू देऊ नका. अंगठी, जोडवी, पैंजण, कडं सूज यायच्या आत काढा. मोडलेल्या हाडाला आधार देतात तशी काठी लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवा. आवळून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, देवळात किंवा मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीनं निघा. साप मारत किंवा शोधत बसू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. मण्यारीच्या दंशाचा व्रण कधी कधी दिसतही नाही. पहाटे पोट दुखायला लागलं आणि पापण्या जड झाल्या तरी दवाखाना गाठा. तुमच्या जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात ही लस असते ते आजच, दिवसाउजेडी विचारून ठेवा.

शेतकऱ्याचा सर्पदंशानं मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी कार्यालयात करायचा. माहिती असावी म्हणून सांगतोय. ती वेळ कुणावर येऊ नये.

दिवसा लाईट मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. पण आपल्या फीडरवर ती येईपर्यंत रात्र आपल्यालाच काढायची आहे.

*पाण्याचा सल्ला:* ज्वारीला पोटरीनंतर ७० ते ७५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि ९० ते ९५ दिवसांनी दाणे भरताना पाणी द्या. पाणी कमी असेल तर पोटरीचं पाणी आधी सांभाळा. भेगा पडायची वाट बघू नका. हरभऱ्याला हलकं पाणी द्या, रान तुंबू देऊ नका. आठवड्यात दिवसपाळी येणार असेल तर जास्त वाढलेल्या, दाट ज्वारीचं पाणी तेव्हासाठी ठेवा आणि रात्री मोकळ्या रानातलं घ्या.

आज संध्याकाळी एवढंच करा: खुंटीवरची बॅटरी काढा आणि चार्जिंगला लावा. आण्णा, काका, ताई, तुमच्याकडं चांगली टिकलेली बॅटरी असेल तर किती तास चालते ते मला कळवा, पुढच्या मेसेजमध्ये सगळ्यांना सांगतो.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, बार्शी