प्रथिनभेदक विकरांचे संधिकार्य

निबर मांस लवकर शिजावे म्हणून त्यास कच्ची पपई लावतात, हे चंद्रपूर-गडचिरोलीकडील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पपईच्या चिकातील पपेन हे विकर प्रथिनांतील पेप्टाइड-बंध तोडते. म्हणून त्यास ‘प्रथिनभेदक’ म्हणतात. ही संज्ञा मात्र अर्धेच सत्य सांगते.

पपेनच्या २१२ अमिनो आम्लांपैकी २५ वे सिस्टीन होय. त्यातील गंधकाचा अणू तुटणाऱ्या बंधाच्या कार्बनशी जोडला जातो; शृंखलेचा एक खंड विकरास चिकटून राहतो, दुसरा सुटतो. नंतर पाणी आले तर चिकटलेला खंडही मोकळा होतो, हेच पचन. पाण्याऐवजी दुसऱ्या पेप्टाइडाचा अमिनो गट आला, तर त्याच ठिकाणी नवा बंध जुळतो. संधी आणि विग्रह यांस व्याकरणात एकच नियम पुरतो, तसाच हा प्रकार आहे. विकर केवळ वेग वाढविते, दिशा ठरवीत नाही. पाणी विपुल असल्याने एरवी भेदन प्रबळ ठरते. परंतु जुळलेला पदार्थ न विरघळता तळाशी बसला, की तोल जुळणीकडे झुकतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत बर्गमान व फ्रेंकेल-कोनराट यांनी १९३७-३८ साली पपेनकडून असेच बंध जुळवून घेतले. पेशीतील प्रथिनेही याच रीतीने बनत असावीत, हा तत्कालीन तर्क मात्र टिकला नाही. ते कार्य रायबोसोमांचे आहे.