सायकलींची दीर्घ यात्रा

सायकल हे वाहन खेड्यात आणि शहरात सर्वांच्या परिचयाचे आहे. शाळेत जाणारी मुले, दूध घालणारे गवळी, टपाल वाटणारे पोस्टमन यांना तिचा नित्य उपयोग होत आला आहे. घरापासून शाळेपर्यंत किंवा गावापासून बाजारापर्यंत, एवढीच तिची धाव असावी, असे पुष्कळांना वाटते. परंतु चार-सहा मित्रांनी मिळून सायकलींवर शिधा आणि अंथरूण बांधावे, दिवसा वाट कापावी, रात्री एखाद्या गावी मुक्काम करावा आणि असे कित्येक दिवस पुढे जात राहावे, हेही याच साध्या वाहनाने साधते. अशा प्रवासाचे एक फार मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. त्याचा उगम शोधू गेल्यास वर्धा जिल्ह्यापर्यंत यावे लागते.

हिंगणघाट हे त्या जिल्ह्यातील, वणा नदीच्या काठी वसलेले आणि कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथे २६ डिसेंबर १९१४ रोजी मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना बाबा आमटे या नावाने ओळखू लागला. तरुणपणी ते वकिली करीत. सेवाग्राम येथे महात्मा गांधींचा सहवास लाभल्यावर त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. हिंगणघाटच्या दक्षिणेस, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा गावाजवळ त्यांनी ओसाड माळरानावर आनंदवन उभारले. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांना तेथे औषधोपचार मिळाला, काम मिळाले आणि मानही मिळाला.

१९८४ हे वर्ष देशाला फार कठीण गेले. पंजाबात हिंसाचार माजला होता. ३१ ऑक्टोबर रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि त्यानंतर दिल्लीत व इतरत्र हजारो निरपराध शीख बांधवांना प्राण गमवावे लागले. शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला. ही दुरावलेली मने पुन्हा जवळ यावीत, या हेतूने बाबांनी ‘भारत जोडो’ अभियानाचा संकल्प केला. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीच्या सागरतीरावरून शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर निघाले. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून ते आले होते. सुमारे पाच हजार किलोमीटरांची वाट तुडवून त्यांना काश्मीरपर्यंत जावयाचे होते.

एवढा लांबचा पल्ला आगगाडीने थोड्याच दिवसांत गाठता आला असता. मग सायकल कशासाठी? याचे उत्तर तिच्या वेगात आहे. माणूस पायी चालला, तर तासाला चार-पाच किलोमीटर जातो. भूदानासाठी विनोबा भावे १९५१ साली वर्धा जिल्ह्यातून असेच पायी निघाले होते. देश पालथा घालून पवनारला परत यावयास त्यांना १९६४ साल उजाडले. सामान लादलेली सायकल तासाला बारा ते पंधरा किलोमीटर सहज जाते. म्हणजे ती पायी चालण्यापेक्षा सुमारे तिप्पट वेगवान आहे. तरीही वाटेवरच्या माणसाला नमस्कार करता यावा, त्याने हाक मारली तर थांबता यावे, इतकी ती सावकाश चालते. आगगाडीच्या खिडकीतून गाव दिसते आणि मागे पडते. सायकलस्वार त्या गावात उतरतो, पाणी मागतो, दोन शब्द बोलतो. ज्यांना माणसे जोडावयाची होती, त्यांना हेच वाहन योग्य होते.

सायकल इतके अंतर थोड्या श्रमांत कसे नेते, हेही समजून घेण्यासारखे आहे. चालताना शरीराचा सर्व भार पायांवर पडतो आणि प्रत्येक पावलागणिक तो किंचित उचलावा लागतो. सायकलवर हा भार सीट पेलते. पायांना केवळ पायडल फिरवावयाचे असते. ती फिरवण्याची शक्ती साखळीच्या द्वारे मागील चाकाला मिळते आणि पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे अनेक फेरे होतात. त्यातच टायरमधील हवा रस्त्याचे धक्के गिळून टाकते. अशी हवा भरलेली धाव १८८८ च्या सुमारास जॉन डनलॉप या पशुवैद्याने प्रचारात आणली. आपल्या लहान मुलाची तीनचाकी गाडी खडबडीत वाटेवर सुखाने चालावी म्हणून त्याने प्रथम हा प्रयोग केला होता.

दीर्घ प्रवासाची खरी परीक्षा मात्र सामान बांधतानाच सुरू होते. जे जे बरोबर घ्यावे, ते ते स्वतःच्या पायांच्या बळावर ओढून न्यावे लागते. म्हणून दोन जोड कपडे, एक पातळ अंथरूण, एक पांघरूण, ताट-वाटी, थोडा शिधा आणि भरपूर पाणी, एवढ्यावर भागवावे लागते. जड वस्तू कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस, शक्य तितक्या खाली आणि सारख्या वजनाने बांधल्या, तर सायकल डळमळत नाही. हातपंप, पाने, जादा ट्यूब, रबराची ठिगळे आणि ती चिकटवण्याचे सोल्यूशन ही सामग्री सर्वांत मिळून एक असली तरी चालते. पण ती असलीच पाहिजे. बाभळीचा काटा रुतून हवा गेली, तर ट्यूब बाहेर काढून तीत हवा भरतात आणि ती पाण्याच्या भांड्यात बुडवतात. जेथून बुडबुडे येतात, तेथे छिद्र असते. ती जागा कोरडी करून, घासून तिच्यावर ठिगळ लावले की काम झाले. हे काम घरी एकदा करून पाहिलेला प्रवासी आडरानात गांगरत नाही.

अशा प्रवासाचा अभ्यास जिल्ह्यातच करता येतो. हिंगणघाटहून सकाळी निघालेली तुकडी सुमारे चाळीस किलोमीटर चालून पहिल्या मुक्कामाला सेवाग्रामी पोहोचू शकते. १९३६ पासून गांधीजी जेथे राहिले, त्या कुडाच्या व मातीच्या कुट्या तेथे आजही जपलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी धाम नदीकाठचे पवनार पाहून, सेलू गावावरून बोर धरणाच्या दिशेने जाता येते. येथपर्यंतची सपाट काळी जमीन मागे पडते आणि सागाच्या रानाने झाकलेल्या टेकड्या दिसू लागतात. हे रान वाघांसाठी राखीव असल्यामुळे मुक्काम रानाबाहेरच्या गावात, गावकऱ्यांच्या परवानगीने करावा लागतो. तिसऱ्या दिवशी परतीची वाट धरली, तर चौथ्या दिवशी तुकडी हिंगणघाटला परत येते.

ऋतूची निवड येथे महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात वर्ध्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. दुपारच्या उन्हात सायकल चालवणे जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला लगडतो आणि चाक फिरेनासे होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्यातल्या त्यात सुखाचे. त्याही दिवसांत उजाडताच निघावे, दुपारी झाडाखाली विसावा घ्यावा आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा, हे अनुभवी प्रवाशांचे वेळापत्रक असते.

तुकडीने कसे चालावे, याचेही शास्त्र आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने, एकामागे एक आणि मध्ये सुरक्षित अंतर राखून जावयाचे असते. समोरून वारा असला की सर्वाधिक श्रम पहिल्या सायकलस्वाराला पडतात. त्याच्या आडोशाने मागच्यांना वाट थोडी सोपी होते. म्हणून बळकट गडी पाळीपाळीने पुढे होतात. जो दमतो त्याला मध्ये घेतात. सर्वांत शेवटी भरवशाचा माणूस असतो. त्याच्यापाशी हत्यारे असतात आणि त्याच्या मागे कोणी राहत नाही. तुकडीचा वेग तिच्यातील सर्वांत दुबळ्याच्या वेगाइतका असतो. ज्याला हे मान्य नसते, तो लवकर पोहोचतो खरा. पण त्याची सायकल वाटेत मोडली तर ती दुरुस्त करणारी हत्यारे मात्र मागच्या माणसाजवळ राहिलेली असतात.

कन्याकुमारीहून निघालेल्या तरुणांना हाच धडा पाच हजार किलोमीटर गिरवावा लागला. वाटेत राज्ये बदलली, भाषा बदलल्या, अन्न बदलले. ज्यांची मातृभाषा एक नव्हती, ते एका वाटेवर एकमेकांसाठी थांबत चालले होते. सत्तरी ओलांडलेले बाबा स्वतः त्यांच्याबरोबर होते. मानेच्या आणि पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. केवळ उभे राहता येई किंवा पडून राहता येई. म्हणून त्यांच्यासाठी एका गाडीत पडून प्रवास करण्याची खास सोय केली होती. ज्याला सायकलवर बसणेही शक्य नव्हते, अशा माणसाच्या मागे शंभर सायकली देशभर धावल्या. १९८८ साली बाबांनी दुसरी यात्रा काढली. ती पूर्वेकडील अरुणाचल प्रदेशापासून पश्चिमेकडील गुजरातपर्यंत गेली.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. एका यात्रेने देशातील सारी भांडणे मिटत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होते. पण दूरच्या प्रांतातला कोणी तहानलेला मुलगा सायकलवरून उतरतो, अनोळखी दारात पाणी मागतो आणि त्याला ते मिळते, तेव्हा त्या दोघांपुरता तरी देश जोडला जातो.