भात घडी केव्हा मोडतं?

आश्विनात कोकणातल्या एखाद्या बांधावर उभं राहून बघा. एका खाचरातलं भात पिवळं होऊन कापणीला आलेलं, शेजारच्यातलं अजून हिरवंगार. पाऊस दोघांवर तोच पडला, लावणीही एकाच आठवड्यातली. पण पहिलं हळवं, म्हणजे घाईचं. दुसरं गरवं, निवांत.

भाताकडे ना घड्याळ, ना कालनिर्णय. मग ‘पानं पुरे, आता लोंबी काढ’ असं त्याला सांगतं कोण?

त्यासाठी भाताच्या एका पेशीत शिरू. तिथे गुणसूत्रांच्या १२ जोड्या आहेत. त्यांतला सगळा डीएनए सरळ ताणला, तर साधारण पाव मीटर भरेल. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीहून लांब! आणि पेशी तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. एवढा धागा मावतो कसा? गुंडाळून. ८ हिस्टोन प्रथिनांचं एक रीळ, त्यावर जेमतेम पावणेदोन वेढे, की लगेच पुढचं रीळ. अशी लाखो.

ही रिळं फार जुनी. एच४ नावाचं हिस्टोन वाटाण्यात आणि गाईच्या वासरात जवळजवळ सारखंच असतं. त्याच्या साखळीतल्या १०२ दुव्यांपैकी फक्त २ वेगळे. वाटाणा आणि वासरू! हे वाचून मी तेच पान पुन्हा वाचलं होतं.

आता आजीची साड्यांची पेटी आठवा. शालू तळाशी, घट्ट घडीत. तो आहे, पण घडी मोडल्याशिवाय नेसता येत नाही. डीएनएच्या धाग्यावरच्या जनुकांचंही तसंच. फुलोऱ्याची जनुकं भाताच्या पहिल्या पानातसुद्धा असतात, पण घडीत.

घडी कुठली मोडायची, याच्या खुणा असतात. रिळांमधून हिस्टोनांच्या शेपट्या बाहेर आलेल्या असतात आणि त्यांवर रसायनांच्या इवल्या टिकल्या लागतात. ॲसिटिलची टिकली लागली, की वेढा सैलावतो. मिथिलची मात्र लहरी. एच३ हिस्टोनच्या शेपटीवर २७व्या जागी लागली तर जनुक ‘बंद’, ३६व्या जागी लागली तर बहुधा ‘चालू’!

टिकल्या लावणारी प्रथिनं वेगळी, काढणारी वेगळी. आणि ती घडवायची कृती? तीही जनुकांतच. भातातलं असं एक जनुक म्हणजे एसडीजी७२४. (नाव गाडीच्या नंबरसारखं आहे खरं. शास्त्रज्ञांना बारशाची हौस कमीच.) त्याचं प्रथिन आरएफटी१ या जनुकावर ३६व्या जागची टिकली लावतं. मग पानात फुलोऱ्याचा निरोप तयार होतो, अन्नरसाबरोबर शेंड्याकडे जातो आणि शेंडा पानं सोडून लोंबी घडवायला घेतो. एसडीजी७२४ बिघडलेलं भात नुसती पानंच काढत बसतं आणि उशिरा फुलतं, हे २०१२ साली दिसून आलं. हळव्या-गरव्याचं सगळं श्रेय या एकट्याला देऊ नका हं. त्या कारभारात बरीच जनुकं आहेत.

टिकली काढणाऱ्यांतलं एक जेएमजे७०६. ते ९व्या जागची ‘बंद’वाली टिकली खरवडतं. तेच बिघडलं, तर फुलांचा आकार बदलतो आणि फुलाच्या भागांची मोजणीही चुकते.

बरोबर मोजणी बघायची असेल, तर भात निसवल्यावर सकाळी दहा-अकराला भिंग घेऊन खाचरात जा. तूस उघडलेलं असेल आणि बारीक पुंकेसर बाहेर लोंबत असतील. मोजा, ६ भरतात का. लवकर मोजा, तास-दोन तासांत तूस मिटतं.