शिफारसपत्र म्हणजे वशिल्याची चिठ्ठी नव्हे

ऑक्टोबर लागला की अभियांत्रिकी कॉलेजांच्या स्टाफरूमबाहेर एक ठरावीक दृश्य दिसतं. बीईचा विद्यार्थी, हातात फाइल, खिशात पेनड्राइव्ह. "सर, एलओआर हवं होतं. ड्राफ्ट तयार आहे, तुम्ही फक्त लेटरहेडवर घेऊन सही-शिक्का द्या." सर जर्नलच्या गठ्ठ्यातून मान वर करतात आणि विचारतात, "नाव काय तुझं? डिव्हिजन कोणती?" नाव विचारायची वेळ आली, तिथेच त्या पत्राचा निकाल लागलेला असतो.

बरीच वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. पत्रं लिहिली, काही नाकारली, आणि सुरुवातीच्या काळात दोन-तीन पत्रांवर नीट न वाचता सह्याही केल्या. त्या केल्या नसत्या तर बरं झालं असतं. या सगळ्या घोटाळ्याचं मूळ मला शब्दातच दिसतं. 'शिफारस' म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो, कुणातरी बड्या माणसाची चिठ्ठी आठवते. परदेशी विद्यापीठ मागतं ती मात्र साक्ष असते. या विद्यार्थ्याला काम करताना तुम्ही स्वतः पाहिलंय का, आणि काय पाहिलंत, एवढाच त्याचा प्रश्न असतो. हे एकदा ध्यानात आलं की पुढचे गैरसमज सुटायला वेळ लागत नाही.

गैरसमज १ : सही जेवढ्या मोठ्या माणसाची, तेवढं पत्र वजनदार.

वस्तुस्थिती : प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष, ओळखीचे आमदार यांनी तुम्हाला वर्गात पाहिलेलं नसतं. त्यामुळे त्यांचं पत्र "हा चांगल्या घरातला, होतकरू विद्यार्थी आहे" याच्या पुढे जाऊ शकत नाही. दोन वर्षांपूर्वी लागलेल्या, पण तुमच्या प्रोजेक्टवर वर्षभर डोळा ठेवलेल्या सहायक प्राध्यापिकेचं पत्र त्याहून कितीतरी उजवं ठरतं.

याचं उत्तम उदाहरण आपल्या घरातलंच आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. भीमराव आंबेडकर त्यांच्या शाळेत शिकतही नव्हते. पण चर्नी रोडच्या बागेत रोज पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा केळुसकरांनी हेरला होता, त्याच्या वाचनाला वळण लावलं होतं. पुढे त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि कॉलेजच्या शिक्षणासाठी महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथले त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिगमन यांनी नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली. एक शाळामास्तर आणि एक जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ. दोघांच्या पदांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, पण दोघांनीही विद्यार्थ्याला जवळून पाहिलं होतं.

गैरसमज २ : ज्या विषयात सर्वांत जास्त मार्क, त्याच विषयाच्या सरांकडे जावं.

वस्तुस्थिती : मार्क तर ट्रान्सक्रिप्टवर आहेतच. तेच पुन्हा पत्रात सांगून काय मिळणार? ट्रान्सक्रिप्टवर जे दिसत नाही, ते पत्रातून कळायला हवं. साठ-सत्तर जणांच्या वर्गात तुम्ही 88 मार्क मिळवले आणि सेमिस्टरभर एकही प्रश्न विचारला नाही, तर त्या सरांकडे तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही.

माझ्याकडे एक विद्यार्थी होता. मार्क मध्यम. प्रोजेक्ट पंपाच्या बेअरिंगमधली कंपनं मोजण्याचा. दोन आठवड्यांची रीडिंग्ज घेऊन झाली, आलेख छान आला. आणि मग हा एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "सर, सेन्सर नीट बसलेला नव्हता. बोल्ट सैल होता. हा सगळा डेटा टाकून द्यावा लागेल." सबमिशन तोंडावर होतं आणि व्हायवाला आलेल्या एक्स्टर्नलला काही कळलंही नसतं. त्याने रीडिंग्ज पुन्हा घेतली. मी पत्रात जवळजवळ एवढंच लिहिलं. 'प्रामाणिक' हा शब्द मला वापरावाच लागला नाही.

म्हणून प्रोजेक्ट गाइड, सेमिनार घेणारे सर, लॅबमध्ये तुमच्याशी वाद घातलेल्या मॅडम यांच्यापासून सुरुवात करा. नोकरी करत असाल, तर एमएससाठी तीनपैकी एखादं पत्र वरिष्ठांचं चालतं, पण बाकीची शिक्षकांची असलेली बरी. एमबीएचं गणित उलटं आहे. तिथे कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांची साक्ष जास्त मोलाची मानतात.

गैरसमज ३ : ड्राफ्ट आपणच लिहायचा असतो, सर फक्त सही करतात.

वस्तुस्थिती : आपल्याकडे ही चाल पडली आहे हे खरं, पण म्हणून ती बरोबर ठरत नाही. बहुतेक विद्यापीठं आज कागदी पत्र मागतच नाहीत. अर्जात शिक्षकांचा ईमेल भरला की त्यांना थेट लिंक जाते आणि तिथे त्यांनी स्वतः पत्र चढवायचं असतं. कॉलेजचा अधिकृत ईमेल सोडून जीमेलचा पत्ता दिला, तर पडताळणीचे प्रश्न उभे राहू शकतात. सरांच्या नावाने खातं उघडून स्वतःच पत्र चढवणं ही तर सरळ फसवणूक आहे. अर्ज भरताना सगळी माहिती खरी असल्याची ग्वाही तुम्ही दिलेली असते. खोटं उघडकीस आलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

आणि पकडलं जाणं वाटतं तितकं अवघड नाही. तीन शिक्षकांची तीन पत्रं, तिन्हींत तीच विशेषणं, तोच क्रम, स्वल्पविरामाची तीच चूक. असे ढिगाने अर्ज वाचणाऱ्याच्या नजरेतून हे सुटत नाही.

मग सरांना काय द्यायचं? एक पान टिपणं. तुम्ही त्यांच्याकडे कोणत्या वर्षी कोणता विषय शिकलात, टर्मवर्कमध्ये काय केलंत, प्रोजेक्टमध्ये नेमका तुमचा वाटा कोणता, कुठे अडलात आणि त्यातून कसे बाहेर आलात. सोबत बायोडेटा, मार्कलिस्ट, तुमच्या उद्देशपत्राचा कच्चा मसुदा आणि विद्यापीठांची तारखांसकट यादी. टिपणं दिल्याने सरांची आठवण ताजी होते. मात्र वाक्यं त्यांची राहू द्या.

गैरसमज ४ : पत्रात स्तुती जेवढी जास्त आणि पत्र जेवढं लांब, तेवढं चांगलं.

वस्तुस्थिती : 1948 मध्ये कार्नेगी टेकचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला एक पत्र पाठवलं. मजकूर जेमतेम तीन वाक्यांचा. जॉन नॅश या विद्यार्थ्याची शिफारस करतो, तो 19 वर्षांचा आहे व जूनमध्ये पदवीधर होतोय, आणि तो गणितातला असामान्य प्रतिभावंत आहे, एवढंच. नॅशना पुढे 1994 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सगळ्यांनी तीन वाक्यांत आटपावं असं नव्हे. आपण नॅश नाही, तेव्हा आपल्याला एक-दीड पान लागतंच. पण त्या पानात पुरावा हवा. "कष्टाळू, शिस्तप्रिय, वक्तशीर, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारा" ही माळ कुणाच्याही गळ्यात घालता येते.

शिवाय पत्राबरोबर अनेक ठिकाणी शिक्षकांना एक तक्ताही भरावा लागतो. अमेरिकेत पदवी प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या कॉमन ॲपच्या तक्त्यात 'सरासरीपेक्षा कमी'पासून 'वरच्या 10 टक्क्यांत', 'वरच्या 5 टक्क्यांत' आणि 'माझ्या कारकिर्दीतल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक' इथपर्यंतच्या पायऱ्या आहेत. पत्रात आकाशाला भिडणारी स्तुती आणि तक्त्यात 'चांगला' एवढीच खूण, ही विसंगती वाचणाऱ्याला लगेच खटकते.

गैरसमज ५ : पत्र वाचण्याचा हक्क सोडला तर सर मागे काहीतरी वाईट लिहितील.

वस्तुस्थिती : अमेरिकी अर्जात एक चौकट येते: शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? तिचं मूळ 'फेर्पा' या 1974 च्या कायद्यात आहे. प्रवेश घेतल्यानंतर विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क हा कायदा देतो आणि त्यात ही पत्रंही येतात. हक्क सोडण्याची सक्ती करता येत नाही, आणि जिथे प्रवेश मिळाला नाही तिथली पत्रं पाहण्याचा हक्क मुळात लागूच होत नाही. पण हक्क राखून ठेवला, तर विद्यार्थी पुढे पत्र वाचेल या धास्तीने शिक्षकाने हात राखून लिहिलं असेल, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात येते. काही शिक्षक तर अशा वेळी लिहायलाच तयार होत नाहीत. म्हणून बहुतेक जण हक्क सोडतात. ज्या सरांवर एवढाही भरवसा नाही, त्यांच्याकडे पत्र मागायला जाताच कशाला?

गैरसमज ६ : सगळीकडे तीन पत्रं लागतात आणि चौथं दिलं तर फायदाच.

वस्तुस्थिती : अमेरिकेत एमएससाठी दोन किंवा तीन पत्रं ही सर्वसाधारण रीत. पदवीसाठी एमआयटी दोन शिक्षकांची पत्रं मागते, एक गणित-विज्ञानाच्या आणि एक भाषा किंवा मानव्यविद्येच्या शिक्षकाचं. बारावी सायन्सचा जो मुलगा इंग्रजीचा तास बुडवून क्लासला पळतो, त्याने याची नोंद घ्यावी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी अर्जात सर्वसाधारणपणे पत्र मागतच नाहीत. ब्रिटनमध्ये यूकास या सामायिक प्रवेशयंत्रणेच्या पदवी अर्जाला एकच संदर्भपत्र असतं आणि 2024 च्या प्रवेशापासून त्याचे तीन ठरलेले भाग केले आहेत: शाळेची माहिती, विद्यार्थ्याला आलेल्या विशेष अडचणी आणि त्याच्याबद्दल आणखी काही सांगायचं असल्यास ते. तेव्हा आधी त्या-त्या विद्यापीठाची सूचना वाचा. मागितल्यापेक्षा जास्त पत्रं जोडणं म्हणजे सूचना न वाचल्याची कबुली.

गैरसमज ७ : सरांचं इंग्रजी साधं आहे, पत्र फिकं पडेल.

वस्तुस्थिती : साधं इंग्रजी कुणाला खटकत नाही. खटकतं ते उसनं, नटवं इंग्रजी.

गैरसमज ८ : आठवडाभर आधी सांगितलं तरी चालतं, आणि सर नाही म्हणाले तर तो अपमान.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या अनेक विभागांची मुदत 1 किंवा 15 डिसेंबरला संपते. आपल्याकडे नेमक्या त्याच सुमारास ओरल-प्रॅक्टिकल, लेखी परीक्षा आणि पेपरतपासणी एकत्र येतात. एक विद्यार्थी आठ-दहा ठिकाणी अर्ज करतो, म्हणजे सरांना तेवढ्या लिंक आणि तेवढे तक्ते. आणि तुम्ही त्यांचे एकटेच विद्यार्थी नसता. गणपती उठले की विचारा. किमान सहा आठवडे हातात ठेवा. मुदतीच्या दहा दिवस आधी एकदा नम्रपणे आठवण करा, रोज व्हॉट्सॲपवर हात जोडलेली चित्रं पाठवू नका.

विचारताना "एलओआर द्याल का?" असं न म्हणता, "सर, माझ्या कामाबद्दल सविस्तर आणि चांगलं लिहिता येईल एवढी तुम्हाला माझी माहिती आहे का?" असं विचारा. या प्रश्नात सरांना नाही म्हणायला जागा राहते. ते घुटमळले तर आभार माना आणि दुसरं दार ठोठवा. कोमट पत्रापेक्षा स्पष्ट नकार परवडला. नाही म्हणणारा शिक्षक तुमचा अर्ज वाचवत असतो.

शेवटी एकच सांगणं, आणि ते बीईच्या मुलांपेक्षा आत्ता दुसऱ्या वर्षात असलेल्यांना. पत्र लिहायला सर ऑक्टोबरात बसतील, पण त्यात काय असेल ते त्याच्या आधीच्या दोन वर्षांत ठरतं. तास संपल्यावर थांबा, शंका विचारा, प्रॅक्टिकलचं रीडिंग चुकलं तर शेजारच्या बॅचचं उतरवून न घेता का चुकलं ते शोधा. आणि प्रवेश मिळो न मिळो, निकाल कळला की सरांना जाऊन सांगा. पत्रं लिहिणाऱ्या कितीतरी शिक्षकांना आपल्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं, हे कधी कळतच नाही.