जखम झाली की टीटी? आधी शेवटच्या डोसची तारीख पाहा

पायात खिळा घुसला, विळ्याने बोट कापले की घरातून पहिला सल्ला मिळतो, ‘आधी टीटी घेऊन ये.’ या इंजेक्शनचा परिणाम सहा महिनेच टिकतो, असा समजही घट्ट आहे. त्यामुळे काहीजण गरज नसताना ते पुन्हा पुन्हा घेतात, तर अनेक प्रौढांना शेवटचा डोस कधी घेतला हेच आठवत नाही.

धोका गंजाचा की मातीचा?
धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू माती, शेण आणि धुळीत असतात. खोल जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे ते वाढतात आणि विष तयार करतात. दातखिळी बसते, शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. उपचार करूनही रुग्ण दगावू शकतो. खिळा गंजलेला नसला, तरी मातीने माखलेला असेल तर धोका असतोच.

लस किती काळ टिकते?
सरकारी वेळापत्रकानुसार बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, १६ ते २४ महिन्यांत आणि ५-६ व्या वर्षी डीपीटी बूस्टर, तर १० व १६ व्या वर्षी टीडी दिली जाते. टीटीची जागा आता टीडीने घेतली आहे; त्यात घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. त्यानंतर प्रौढांनी साधारण दर १० वर्षांनी एक बूस्टर घ्यावा, असा सल्ला दिला जातो.

जखम झाल्यावर काय?
प्रथम जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. मग हिशेब असा:

- आधीचे किमान तीन डोस झाले आहेत आणि जखम स्वच्छ, किरकोळ आहे : शेवटच्या डोसला १० वर्षे झाली असतील तरच बूस्टर.
- तीन डोस झाले आहेत. पण जखम खोल किंवा माती-शेणाने माखलेली आहे : ५ वर्षे झाली असतील तर बूस्टर.
- डोस अपुरे आहेत किंवा आठवत नाहीत : लस घ्यावीच. जखम खोल वा घाण असेल तर सोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही (इम्युनोग्लोब्युलिन) लागते, कारण लसीला प्रतिकारशक्ती तयार करायला वेळ लागतो.

जखमेला एक दिवस उलटून गेला, तरी डॉक्टरांकडे जा. लक्षणे बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात.

गरोदरपणात
टीडीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने दिले जातात. मागील तीन वर्षांत गरोदरपणी दोन डोस झाले असतील, तर एक बूस्टर पुरतो. आईची प्रतिपिंडे बाळाला मिळतात. माता व नवजातांमधील धनुर्वाताचे निर्मूलन भारताने २०१५ मध्ये साधले. पण बीजाणू मातीत आहेतच, म्हणून लस थांबवता येत नाही.

शेजाऱ्याची लस उपयोगाची नाही
हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे गावातील सगळ्यांनी लस घेतली, तरी तुमचे संरक्षण होत नाही. एकदा धनुर्वात होऊन गेलेल्यालाही लस लागतेच. डोस घेतला की तारखेसह कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या जखमेच्या वेळी डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.